एक शिपाई राखून

बीस्टन, नॉटिंगहॅम
१४ सप्टेंबर

क्लिफर्ड,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र तसंच टोपलीत टाकलं नसशील, तर पुढे वाच. ईमेल पाठवला असता तर तू तो एका बोटाने पुसून टाकला असतास. कागद फाडायला निदान दोन हात लागतात, आणि तेवढ्यात एखादी ओळ नजरेखालून जातेच.

आधीच सांगून ठेवतो, त्या अर्ध्या इंचाबद्दल माफी मागायला मी बसलेलो नाही. टेबलावरच्या लढाईत तुझे घोडेस्वार माझ्या तोफांपर्यंत अर्धा इंच कमी पडत होते. मी टेप लावला होता आणि सगळ्यांनी पाहिलं होतं. तू फासे खिशात घातलेस, कोट चढवलास आणि पुढे टास्मानियाला गेलास तो गेलासच. खेळातल्या अर्ध्या इंचावरून सख्खे भाऊ पृथ्वीच्या दोन टोकांना जातात, ही गोष्ट आमच्या वॉर्गेम मंडळात, छोटे शिपाई रंगवून लढाया खेळणाऱ्यांत, नव्या लोकांना अजून सांगतात.

लिहायचं कारण म्हणजे हॉरेस बिअर्डसॉल गेला. तुला तो आठवत असेल. मोज्यांच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करायचा, आणि करंगळीएवढ्या घोड्याच्या डोळ्यातसुद्धा पांढरा ठिपका दिल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. गेल्या महिन्यात त्याने घरातला शेवटचा शिपाई रंगवून पुरा केला. शेवटचा म्हणजे अगदी शेवटचा. कपाटात, माळ्यावर, पलंगाखाली, कुठेही राखाडी, बिनरंगाचं म्हणून काही उरलं नाही. आमच्यात असं कुणाच्या हातून कधी झालेलं नाही. मंडळाचा प्रमुख आता लेनवर्थ आहे, बस चालवायचा तोच. त्याने केक आणला. हॉरेसने सुरी हातात घेतली आणि म्हणाला, "आता मी करू काय?" आम्ही सगळे हसलो. त्याच आठवड्यात तो खुर्चीत बसल्या बसल्या गेला.

आपल्या लोकांचं म्हणणं तुला ठाऊकच आहे. घरात एक शिपाई रंगवायचा बाकी असेल तोवर माणूस मरत नाही. बायकोने शिपायांची नवी पेटी पकडली की आपण हेच सांगत आलो. हॉरेसला पोचवून आल्यावर हॉलमध्ये चहा पिताना लेनवर्थ म्हणाला, "बघा, सांगत होतो की नाही? घरी जा आणि एकेक पेटी विकत घ्या." पुन्हा सगळे हसले. मीही हसलो. मग वाटेत उतरून मी खरोखरच पेटी घेतली.

कारण असं आहे. इथे पासष्टी आली की सगळ्या पुरुषांना पोटाच्या तपासणीचं बोलावणं येतं. मी टिवल्याबावल्या करत गेलो होतो. तपासणारी मुलगी पोटावर ते यंत्र फिरवता फिरवता गप्पा मारत होती, आणि मध्येच गप्प झाली. पोटातली मोठी रक्तवाहिनी एका जागी फुगली आहे. आधी नुसती नजर ठेवली होती. आता ती मोठ्या लिंबाएवढी झाली आहे. सर्जनबाई आहेत, मिस अडेयेमी. त्या म्हणाल्या, "मिस्टर टॉप्लिस, ही फुटली तर रुग्णालयात पोचायला बहुधा वेळ मिळत नाही. फुटायच्या आत आपण ती बदलू." घरच्यांबद्दलही त्यांनी बरंच विचारलं. मी उत्तरं दिली.

ग्लेनिसला आजार माहीत आहे. बायको असून तिला मी किती भ्यालोय ते माहीत नाही. तुला सांगतो, कारण तू लांब आहेस आणि माझ्याशी बोलत नाहीस. शिंक आली तरी मी पोट धरतो.

नेव्हिल

३ ऑक्टोबर

क्लिफर्ड,

तुझं उत्तर नाही. मी ते धरूनच चाललो होतो.

मंडळाने ठरवलंय की नोव्हेंबरच्या शेवटी नेवार्कच्या प्रदर्शनात हॉरेसची लढाई मांडायची. राजा विरुद्ध पार्लमेंट, नेवार्कचाच वेढा. दोन्ही बाजूंचं सैन्य त्याने जवळजवळ सगळं एकट्याने रंगवलेलं आहे. एका पलटणीची जागा तेवढी रिकामी आहे, निळे कोट, भालाईत आणि बंदूकवाले. ती पलटण मी देणार असं मी त्याला हातावर हात मारून सांगितलं होतं. मंडळाचा नियम तोच आहे. न रंगवलेला शिपाई टेबलावर येत नाही.

आता माझ्या टेबलावर काय आहे ते सांगतो, म्हणजे तुला हसता येईल. निळे कोट आहेत, तोंडं रंगवून झालेली, बाकी राखाडी. त्यांच्या मागे वाळवंटातले उंटस्वार. त्यांच्या बाजूला रशियाचे तोफखानेवाले, मोठे कोट घातलेले, त्यांचे फक्त बूट झालेत. एक वायकिंगांचं जहाज आहे, शिडाशिवाय. अंतराळातले बुटके आहेत. ते मी का घेतले मला खरंच सांगता येणार नाही, ते मला आवडतही नाहीत.

भीती आली की मी पेटी उघडतो, एवढंच त्याचं कारण. प्लॅस्टिकच्या चौकटीतून एकेक हात, एकेक डोकं कापून काढायचं, साच्याची रेघ पात्याने खरवडायची, चिकटवायचं, रंगाआधी अस्तराचा हात द्यायचा. पुढे कितीतरी काम दिसत असतं आणि ते मलाच करायचं असतं. पण पलटण संपत आली, शेवटच्या दोनचार माणसांचे पट्टे आणि बटणं राहिली, की हात थांबतो. लगेच आठवतं, अरे, उंटांचं काहीच झालं नाही.

ग्लेनिस दारात उभी राहून म्हणाली, "एक ना धड भाराभर चिंध्या. नेव्हिल, आरंभशूरांना पदक देत असते तर आपल्याला अजून एक कपाट लागलं असतं." मंगळवारी मंडळात लेनवर्थने विचारलं, "निळे कोट कुठवर आलेत?" मी म्हणालो, "चाललंय." तो म्हणाला, "तुझ्या घरचा ढीग पाहिलाय मी. तू अमर होणार बघ." बाकीच्यांनी टाळ्या पिटल्या. त्यांना माझ्या पोटाचं माहीत नाही. मला मात्र तेवढ्यानेही धीर आला, म्हणजे बघ मी कुठवर पोचलोय.

शस्त्रक्रियेची तारीख आली होती. याच महिन्यातली. मी फोन करून सांगितलं की प्रदर्शन आहे, जमणार नाही. तिथल्या बाईंनी विचारलं, "कामाचं आहे का?" मी हो म्हणालो. ग्लेनिसला सांगितलं की यादी लांब आहे, अजून नंबर लागत नाही.

तू हे कुणाला सांगणार नाहीस. सांगायला तुझ्याशी बोलतंय तरी कोण आमच्यातलं.

नेव्हिल

२९ ऑक्टोबर

क्लिफ,

तुझं पोस्टकार्ड आलं. एवढ्या वर्षांनी लिहिलंस आणि तेही असं: "एका वेळी एक. आधी पोट, मग निळे कोट. अर्धा इंच भरत होता."

नव्हता भरत.

पण कार्ड मी टेबलावरच्या दिव्याला टेकवून ठेवलंय. एका वेळी एक! तू लहानपणापासून असाच आहेस. ताटातले वाटाणे आधी संपवायचे, मग बटाट्याला हात लावायचा. एक पलटण रंगवून, व्हार्निश देऊन, पायाखाली वाळू आणि गवत चिकटवून कपाटात उभी केल्याशिवाय तू दुसरी विकतच घ्यायचा नाहीस. आई मला तुझा दाखला द्यायची. मला तेव्हा तुझा राग यायचा. आता वेगळंच काही वाटतं. तुझ्या घरी आज राखाडी असं काय आहे, क्लिफ? एखादा तरी शिपाई? काहीच नसणार, मला खात्री आहे. परवा हे मनात आलं आणि मी ब्रश रंगाच्या पाण्याऐवजी चहात बुडवला.

तुझं म्हणणं मी अर्धं ऐकलंय. ग्लेनिसला सांगितलं, निळे कोट सोडून बाकी सगळं माळ्यावर टाक. ती शिडीवर चढताना म्हणाली, "देव पावला." आता टेबलावर एकच पलटण आहे. कोट झाले, कफ झाले, भाल्यांचे दांडे झाले. बघायला दुसरं काही नसलं की काम होतं, हे खरं आहे. पण मधे मधे डोकं वर करून माळ्याच्या झडपेकडे बघतो, तिथे अजून सगळे आहेत ना म्हणून. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, दुसरं काय.

एक विचारायचं होतं. तुझी कंबर दुखते का रे? किंवा पाठ, खालच्या बाजूला? सहज विचारतोय. या वयात सगळ्यांचीच दुखते.

बाबा गेले त्या दिवशी त्यांची कंबर दुखत होती, आठवतं? मागच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "नेव्हिल, जरा पाणी आण." मी पाणी घेऊन येईपर्यंत संपलं होतं. डॉक्टरांनी हृदय लिहिलं. मी इतकी वर्षं हृदयच धरून चाललो. दुसरी एक गोष्ट मला तेव्हाही लक्षात राहिली होती. त्याच सकाळी त्यांची बागेची भिंत पुरी झाली होती. दोन उन्हाळे ती भिंत अर्धी होती, आणि दोन उन्हाळे ते ठणठणीत होते.

कंबरेचं कळव. विसरू नकोस.

नेव्हिल

१६ नोव्हेंबर

क्लिफ,

घडलं ते तसंच्या तसं सांगतो. तू वॉर्गेमवाला आहेस, तुलाच ते कळेल.

काल सकाळी निळे कोट संपले. सगळे. निशाणसुद्धा. राहिला होता फक्त व्हार्निशचा फवारा. आदल्या दिवसापासून ट्रेंट नदीवरून धुकं आलं होतं आणि खिडक्यांच्या काचा आतून ओल्या होत्या. नव्या माणसाला आपण पहिला धडा काय देतो? दोरीवरचे कपडे वाळत नसतील त्या दिवशी व्हार्निशचा डबा हातात घ्यायचा नाही. मी स्वतः हे किती जणांना शिकवलंय. तरी मी पलटण फळीवर मांडली, मागच्या खोपट्यात नेली आणि फवारा मारला.

चहा पिऊन परत गेलो तर सगळे पांढरे झाले होते. कोट, तोंडं, निशाण, सगळ्यांवर बुरशी चढल्यासारखा पांढरा थर. दमट हवेत व्हार्निश फसलं की कसं होतं ते तू पाहिलं आहेस. हॉरेसच्या लढाईची पलटण मेलेल्या माणसांची दिसत होती. आणि खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखं वाटत होतं. पलटण पुरी झाली नव्हती.

ग्लेनिस मागून आली. फळीकडे बघितलं, मग दोरीकडे बघितलं.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"घाई झाली."

"लग्न झाल्यापासून तू मला विचारतोयस, कपडे वाळलेत का. मला वाटायचं नवरा घरकामात लक्ष घालतोय. आज नाही विचारलंस."

ती आत गेली आणि मागच्या खोलीतले खण उघडायला लागली. जुन्या, कधीच्या झालेल्या पलटणी, ज्या मी पुऱ्या समजून कपाटात ठेवल्या होत्या. निदान तिला तसं सांगितलं होतं. पहिल्या खणात कोपऱ्यात एक राखाडी शिपाई होता. तिने तो उचलला.

"हा का असा?"

"राहिलाय."

दुसऱ्या खणातही एक होता. "आणि हा?"

"तोही राहिलाय."

तिने सगळे खण उघडले. प्रत्येकात एक होता. हॉरेस गेल्यापासूनच नव्हे, क्लिफ, पोटाची पहिली तपासणी झाल्यापासून मी हे करतोय. झालेल्या पलटणीतला एक शिपाई काढून, रंग उतरवायच्या पाण्यात बुडवून, पुन्हा राखाडी करून ठेवायचा. तिने ते सगळे पलंगावर ओळीने उभे केले आणि त्यांच्याशेजारी बसली. मला वाटलं ती हसेल. मी तिला हसायला जागा दिली होती.

"रुग्णालयातून फोन आला होता," ती म्हणाली. "त्या बाईंनी फार प्रेमाने चौकशी केली, मिस्टर टॉप्लिसचं प्रदर्शन कसं झालं म्हणून. मी इतके दिवस शेजाऱ्यांना सांगत फिरतेय की यादी लांब आहे."

"ग्लेनिस, मी भ्यालोय."

"मग मी काय नाचतेय?"

ती म्हणाली, "रोज सकाळी तू जागा व्हायच्या आत मी तुझ्या पोटावर हात ठेवते. धडधड लागते हाताला. ती लागली की मी उठते आणि चहा ठेवते. लागली नाही तर काय करायचं ते मला माहीत नाही. आणि तू इथे बाहुल्या लपवून बसलायस. या बाहुल्या काय तुझी रक्तवाहिनी शिवणार आहेत?"

सगळ्यात वाईट हे की मनात कुठेतरी उत्तर हो असंच होतं. मी तिच्याशेजारी बसलो.

नेव्हिल

१७ नोव्हेंबर

क्लिफ,

कालच्या पत्रात मुख्य गोष्ट लिहिली नाही. काल संध्याकाळी तुला फोन केला. तुझा आवाज यंत्रातून आला, "निरोप ठेवा." आवाज बाबांसारखा झालाय तुझा. माझ्याच्याने निरोप ठेववला नाही. म्हणून हे लिहितोय आणि सगळ्यात जलद टपालाने पाठवतोय.

हा आजार घराण्यात येतो. भावाला झाला असेल तर दुसऱ्या भावाला असण्याचा संभव पुष्कळ असतो. मिस अडेयेमींनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, "भाऊ आहे का तुम्हाला?" मी नाही म्हणालो.

रागाने नाही म्हणालो असं समजू नकोस. अर्धा इंच त्या खोलीत आला नव्हता. मला एवढंच वाटलं की तुझं नाव तिथे घेतलं, त्यांच्या कागदावर गेलं, की ते तुला होईल. मी तोंड उघडलं नाही तर ते माझ्यापाशीच थांबेल. इतका मूर्खपणा मी केला, आणि तो करून तुला कंबरेचं विचारत बसलो.

आज ग्लेनिसने माझ्यासमोर फोन ठेवला आणि हाताची घडी घालून उभी राहिली. मी तारीख मागितली. एक डिसेंबर मिळाली, प्रदर्शनानंतर लगेच. मग मी सर्जनबाईंना जोडून द्या म्हणालो आणि तुझ्याबद्दल सांगितलं.

त्या म्हणाल्या, "मागच्या वेळी तुम्हाला भाऊ नव्हता, मिस्टर टॉप्लिस."

"आता आहे," मी म्हणालो.

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "त्यांना आजच कळवा. तपासणीला फार वेळ लागत नाही आणि दुखत तर मुळीच नाही."

तुमच्याकडे असं बोलावणं कुणी धाडत नाही म्हणे. तुला स्वतःहून जावं लागेल. कंबरेतली कळ हीही त्याची खूण असते; बाबांचंही हेच असणार, मला आता खात्री वाटते. जा, क्लिफ. माझ्यावरचा राग हवा तर तसाच ठेव, वाढवलास तरी चालेल, पण जा. तू नेहमी एका वेळी एक काम करतोस. हे पहिलं कर. मला माझ्यापेक्षा तुझीच भीती जास्त वाटायला लागलीय, आणि ती पेटी उघडून जात नाही.

नेव्हिल

२९ नोव्हेंबर

क्लिफ,

परवा मी रुग्णालयात जातोय. त्याआधी सगळं सांगून टाकतो.

निळे कोट वाचले. लेनवर्थला पोटाचंही सांगितलं आणि व्हार्निशचंही. पोटाचं ऐकून तो माझा खांदा धरून उभा राहिला. अमर होशील म्हणालो होतो, त्याचं वाईट वाटतंय म्हणाला. व्हार्निशचं ऐकून मात्र त्याला कंठ फुटला. "धुक्यात फवारा? तू? अरे, नव्या पोरांना कळलं तर मंडळ बंद करावं लागेल." मग त्याने उपाय सांगितला. स्वयंपाकातलं ऑलिव्हचं तेल, मऊ ब्रशने अगदी पातळ लावायचं, आणि कोरड्या दिवशी पुन्हा व्हार्निश. ग्लेनिसने बाटली आणून दिली आणि शेजारी बसली. एक शिपाई माझा, एक तिचा. तिने जन्मात ब्रश धरलेला नाही. तेल लागलं की पांढरं जाऊन खालून निळा वर येत होता. ती काही म्हणाली नाही, पण पुढचा शिपाई तिने न सांगता उचलला. फवारा मारायच्या दिवशी मी तिला विचारलं, कपडे वाळलेत का. ती म्हणाली, "कडक."

काल नेवार्कला पलटण टेबलावर उभी राहिली. पुरी, एकही न राखता. हॉरेसच्या घोडेस्वारांशेजारी ती शोभत होती. खेळात मात्र जे व्हायचं तेच झालं. नवी रंगवलेली पलटण पहिल्या दिवशी पळते म्हणतात, तशी तीही फाशांच्या कौलाने पळाली, शत्रू समोर यायच्या आधीच. सगळे पोट धरून हसले. मीही पोट धरलं, पण ते वेगळ्या कारणाने.

परत येताना गाडीत ग्लेनिसने विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, "झाली ना पलटण. संपली." तिला कळलं. तिने गियरवरचा माझा हात धरला आणि घर येईपर्यंत सोडला नाही.

आज दुपारी मी रुग्णालयाची पिशवी भरत होतो. पायजमा, चष्मा, दाढीचं सामान. ती बाजारात जाते म्हणून गेली आणि फार उशिरा आली. हातात ही एवढी पेटी, तिला दोन्ही हातांनी धरावी लागत होती. माझ्या प्रत्येक पेटीवर नाक मुरडणारी ही बाई. ती पेटी तिने पलंगावर ठेवली, पिशवीच्या बाजूला, आणि कोट न काढताच बोलायला लागली.

"दुकानात त्या माणसाला म्हटलं, सगळ्यात जास्त शिपाई ज्यात आहेत ती द्या. तो म्हणाला, कोणत्या काळातले हवेत? मी म्हटलं, काळ कुठलाही चालेल, पण लवकर संपता कामा नये."

मी म्हणालो, "बाहुल्या रक्तवाहिनी शिवत नाहीत म्हणाली होतीस."

"नाहीच शिवत. ते मिस अडेयेमी शिवतील. तू गप्प बस." मग ती खाली बसली. "सकाळी क्लिफर्डचा फोन आला होता. तू अंघोळीला होतास. तुला देऊ का विचारलं तर नको म्हणाला. त्याची तपासणी बुधवारी आहे."

"आणि काय म्हणाला?"

"तुझं कसं आहे विचारलं. मग म्हणाला, ग्लेनिस, माझ्या घरात रंगवायचं एकही उरलेलं नाही."

क्लिफ, हे ऐकून मी पलंगावर बसून रडलो. तू, वाटाणे आधी संपवणारा. आम्ही दोघांनी मिळून पेटी फोडली आणि चौकटी मोजून न घेता अंदाजाने निम्म्या केल्या. तुझा वाटा थोडा मोठा गेलाय, ग्लेनिसने घातला. पार्सल तुझ्यापर्यंत पोचायला बुधवार उलटून जाईल, हे आम्हाला कळतंय. पण ग्लेनिसचं म्हणणं असं की टपालाच्या खिडकीवर तुझं नाव घालून दिलं, की त्या क्षणापासून ते तुझे. मला हे पटलं. ती आत्ता कोट घालून खाली उभी आहे, खिडकी बंद व्हायच्या आत पोचायचं म्हणून.

मला भीती वाटतेय. तुलाही वाटतेय, आणि ते तू माझ्या बायकोला सांगितलंस, मला नाही, तेही चालेल. मी परवा सकाळी जातो. तू बुधवारी जा.

पार्सल आलं की उघडून बघ हवं तर, पण एकालाही अस्तर देऊ नकोस. कोट कोणत्या रंगाचे करायचे ते मी घरी आलो की फोनवर ठरवू. त्यावर भांडणही होईल. फोन उचल.

नेव्हिल